स्टेरॉइड थांबवा आणि गुळवेल घ्या, म्हणणाऱ्यांना

पंचवटीत राहणाऱ्या माझ्या मावशीच्या मुलाचे दात्याच्या पेशी घेऊन मूलपेशी प्रत्यारोपण मुंबईत झाले; आता त्याला ग्राफ्ट व्हर्सस होस्ट विकार झाला असून हा विकार स्टेरॉइडला दाद देत नाही, म्हणून डॉक्टरांनी नव्या औषधाच्या चाचणीचा पर्याय सुचवला आहे. नेमका याच वेळी तिला व्हॉट्सअॅपवर एक संदेश आला: प्रत्यारोपण फसले आहे, चाचणीत रुग्णांना गिनिपिग बनवून निम्म्यांना औषधाऐवजी साखरेच्या गोळ्या देतात, तेव्हा स्टेरॉइड बंद करून प्रतिकारशक्ती वाढवणारा गुळवेलीचा काढा घ्यावा.

काढ्याचा सल्ला सर्वांत घातक आहे. या विकारात दात्याच्या रोगप्रतिकारक पेशीच रुग्णाची त्वचा, आतडी आणि यकृत यांवर हल्ला करतात. त्यांना आवरण्यासाठीच स्टेरॉइड दिले जाते आणि हा शहाणा त्यांना आणखी बळ द्यायला सांगतो! शिवाय गुळवेलीमुळे यकृताला इजा झाल्याचे रुग्ण मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ साली नोंदवले आहेत. दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड एकाएकी थांबवणेही जिवावर बेतू शकते, कारण अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल) ग्रंथींची स्वतःची स्टेरॉइडनिर्मिती तोवर मंदावलेली असते.

प्रत्यारोपण फसल्याचे म्हणाल, तर दात्याच्या पेशी रुजल्या नसत्या तर हा विकार सहसा उद्भवलाच नसता.

साखरेच्या गोळीबाबत 'रीच-२' ही चाचणी पाहावी. तिचे निष्कर्ष २०२० साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झाले. तीव्र स्वरूपाचा, स्टेरॉइडला न जुमानणारा विकार असलेल्या ३०९ रुग्णांपैकी एका गटाला रुक्सोलिटिनिब हे नवे औषध आणि दुसऱ्याला डॉक्टरांनी निवडलेले, आधीपासून वापरातले औषध मिळाले. साखरेची गोळी कोणालाच नव्हती. अठ्ठाविसाव्या दिवशी पहिल्या गटातील ६२ टक्के, तर दुसऱ्यातील ३९ टक्के रुग्णांमध्ये सुधारणा दिसली, आणि दुसऱ्या गटातील रुग्णांना अटींनुसार पुढे रुक्सोलिटिनिब घेण्याची मुभाही होती. प्लेटलेट घटण्याचे प्रमाण मात्र नव्या औषधाच्या गटात अधिक होते, हेही त्याच निबंधात लिहिले आहे.

'गिनिपिग' या आरोपात थोडे तथ्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो: आपल्या देशात चाचण्यांमध्ये गैरप्रकार झाले आहेत आणि सर्वोच्च न्यायालयाला त्यात लक्ष घालावे लागले. त्यानंतर आलेल्या २०१९ च्या नियमांनुसार नीतिमत्ता समितीची मान्यता, लेखी संमती आणि चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार व भरपाई बंधनकारक आहे. मावशीने डॉक्टरांना विचारायचे ते एवढेच, की दुसऱ्या गटाला कोणते औषध मिळणार, गट बदलता येतो का, आणि मध्येच बाहेर पडल्यास पुढचे उपचार कोणते.