हाऊस लीडर शोभेचा नसतो (एका प्रतिक्रियेला उत्तर)

तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. तुमचं म्हणणं असं की कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांताच्या विधानसभेत सरकारी हाऊस लीडर, म्हणजे सरकारच्या बाजूने सभागृहाचं कामकाज ठरवणारा नेता, हे नुसतं शोभेचं पद आहे, सभागृह स्पीकर चालवतात, बहुमत प्रीमियर (म्हणजे मुख्यमंत्री) डग फोर्ड यांच्या सरकारकडे आहे म्हणजे निकाल आधीच ठरलेला, आणि टोरंटोतल्या मराठी माणसाला ह्याच्याशी काय देणंघेणं. कडक लिहिलंय पण मुद्द्याचं लिहिलंय, म्हणून सविस्तर उत्तर देतोय.

स्पीकर बघतात कोण बोलणार, कोण नियम मोडतंय. पण आज कुठलं सरकारी बिल घ्यायचं हे त्यांच्या हातात नाही, नियमांतच ते हाऊस लीडरच्या मर्जीवर सोडलंय. आपल्याकडे मुंबई-नागपूरच्या अधिवेशनात निदान कामकाज सल्लागार समिती बसते, अध्यक्ष असतात तिथे. क्वीन्स पार्कमध्ये, म्हणजे ऑन्टारिओच्या विधानभवनात, हाऊस लीडर विरोधकांच्या हाऊस लीडर्सशी बोलून घेतो, जमलं तर ठीक, नाहीतर टाइम अलोकेशनचा, म्हणजे चर्चेची वेळ बांधून देणारा, ठराव आणतो. असा एखादा ठराव वाचून बघाच तुम्ही. चर्चेला इतके तास, समितीकडे इतके दिवस किंवा समिती नाहीच, आणि वेळ संपला की स्पीकरनी पुढे चर्चा न होऊ देता लगेच मतदान घ्यायचं. म्हणजे ज्यांच्या हातात सगळं आहे असं तुम्ही म्हणताय तेच ह्या ठरावाने बांधले जातात!

आता बिल 28 घ्या. 31 ऑक्टोबर 2022 ला मांडलं, शाळांमधल्या 55 हजार कर्मचाऱ्यांचा संप रोखायला, म्हणजे सफाई करणारे, वर्गात मदतनीस असणारे, ऑफिसात बसणारे लोक. कॅनडाच्या घटनेतली मूलभूत हक्कांची सनद बाजूला ठेवायचं नॉटविथस्टँडिंग कलमही त्यातच घातलं. दुसऱ्याच दिवशी पहाटे पाचला सभागृह भरवलं, 3 नोव्हेंबरला कायदा मंजूर. हाऊस लीडर होते पॉल कलँड्रा. ज्यांच्या पगाराचा प्रश्न होता त्यांना समितीसमोर येऊन दोन शब्द बोलायला जागाच ठेवली नाही. मग काय झालं, 4 तारखेला लोक रस्त्यावर आले, टोरंटोसकट कितीतरी ठिकाणच्या शाळा बंद, आणि 14 नोव्हेंबरला त्याच सभागृहाने एका दिवसात तो कायदा रद्द केला, तोही जणू कधी लागूच नव्हता अशा शब्दांत. बहुमत दोन्ही वेळेला तेवढंच होतं हो. मधे दोन आठवडे सुनावणी ठेवली असती तर हा राग सभागृहातच ऐकू आला असता असं मला मनापासून वाटतं. आणि मराठी माणसाचं म्हणाल तर त्या दिवशी घरी बसलेल्या पोरांमध्ये आपलीही पोरं होतीच की.

वेळ वाचवणं वाईटच असतं असं मी म्हणत नाहीये. 19 मार्च 2020 ला, कोविडच्या सुरुवातीला, मोजकेच आमदार बोलावून दोन बिलं एका दिवसात पास झाली, त्यातलं एक आजारी किंवा क्वारंटाइनमधल्या माणसाची नोकरी जाऊ नये म्हणून होतं. ते सगळ्या पक्षांनी आधी बसून ठरवलं म्हणून झालं, आणि ते ठरवून घेणं हे ह्याच पदाचं काम.

निकाल आधीच ठरलेला असतो म्हणता, तर कॅनडातल्याच मॅनिटोबा प्रांताचं 1990 बघा. मीच लेक (Meech Lake) करार, म्हणजे कॅनडाची घटना बदलायचा करार, विधानसभेत मंजूर व्हायचा होता. तिन्ही पक्षांचे नेते बाजूने, 23 जूनची मुदत, आणि ठराव मांडण्याआधी नोटीस द्यायचा नियम बाजूला ठेवायला सगळ्यांची संमती हवी होती. एलायजा हार्पर हा ओजी-क्री ह्या आदिवासी समाजातला आमदार हातात गरुडाचं पीस घेऊन रोज नाही म्हणत राहिला, कारण आदिवासींना कोणी विचारलंच नव्हतं. करार मेला. कागदावर बहुमत प्रचंड होतं, दिवस पुरले नाहीत.

अधिवेशन चालू असताना गुरुवारी प्रश्नोत्तरांनंतर हाऊस लीडर पुढच्या आठवड्याचं कामकाज वाचून दाखवतो, विधानसभेच्या साइटवर लाइव्ह दिसतं. ते बघा, कुठलं बिल घाईत चाललंय कळेल, आणि तुमच्या आमदाराला सोमवारच्या आत ईमेल टाका.