फुली का मारायची?

परवा संध्याकाळी शेजारची चौथीतली पोरगी वही घेऊन ओट्यावर आली. सोलापूरच्या पूर्वभागात, कन्ना चौकाच्या मागं आमची गल्ली, निम्मी घरं तेलुगू. हिची आई विड्या वळते. वहीत 14 गुणिले 25 चं उत्तर 98, त्यावर लाल काट. "बाई, कुठं चुकलं?"

मी वही मिटली. म्हटलं, "आईचे चौदा कट्टे झाले, तर विड्या किती?" त्यांच्याकडं पंचवीसचा कट्टा बांधतात. पोरीनं एकदा वर बघितलं. "साडेतीनशे."

"कसं काय?"

"चार कट्टे शंभर. बारा कट्टे तीनशे. दोन राहिले, त्याचे पन्नास."

मी वही परत उघडली. "मग हे 98 काय आहे?"

"ते गणित आहे की ओ बाई."

हे ऐकल्यापासून मी अस्वस्थ आहे. पोरगी ढ नाही. तिच्या डोक्यात विड्यांचा हिशोब एकीकडं आणि गणित दुसरीकडं, दोघांची कधी ओळखच झालेली नाही.

98 आलं कसं ते बघा. पाच चोक वीस, शून्य लिहिलं, हातचे दोन. पाच एके पाच नि दोन सात. पहिली ओळ 70. खाली चौदा दुणे अठ्ठावीस, पण तिथं फुली मारायची राहिली, म्हणून 28 थेट 70 च्या खाली बसले. बेरीज 98. आता चौदा दाहे झाले तरी एकशे चाळीस होतात, मग पंचवीसपट शंभराच्या आत कशी येईल? हा प्रश्न तिला पडला नाही. कसा पडणार? वहीतल्या आकड्यांना अंदाज लावायचा असतो हे तिला कुणी सांगितलेलंच नाही.

"फुली का मारतात गं?"

"दुसरी ओळ आली की मारायची असते."

दुसऱ्याला नावं ठेवण्याआधी स्वतःचं सांगते. 32 वर्षं प्राथमिकला शिकवलं, आणि त्यातली सुरुवातीची बरीच वर्षं मीही हेच वाक्य फळ्यासमोर उभी राहून म्हटलंय. दुसरी ओळ, एक फुली. तिसरी ओळ, दोन फुल्या. पोरं पटापट करायची, साहेब तपासणीला आले की वर्ग हुशार दिसायचा. 25 मधला 2 म्हणजे दोन नाही, वीस आहे, ही गोष्ट मात्र राहून जायची.

आणि एकाच रीतीचा हा हट्ट आपल्याकडं पूर्वापार आहे असंही नाही. भास्कराचार्यांनी 1150 मध्ये लीलावतीत 135 गुणिले 12 हे एकच उदाहरण घेऊन किती तऱ्हांनी सोडवून दाखवलंय! बाराचे आठ नि चार करून गुणा आणि मिळवा. तीननं गुणून परत चारनं गुणा. दहानं नि दोननं गुणून बेरीज करा. नाहीतर सरळ वीसनं गुणा आणि आठपट वजा करा. कसंही करा, 1620. आमच्या पोरीनं चौदाचे बारा नि दोन केले, ते याहून वेगळं काय आहे?

वजाबाकीवरून तर घरात भांडणं होतात. 52 मधून 27. आजोबा म्हणतात, बारातून सात गेले पाच, हातचा एक, दोन नि एक तीन, पाचातून तीन गेले दोन. शाळेत शिकवतात की वरच्या पाच दशकांतला एक सुटा कर, चार राहिले, चारातून दोन गेले दोन. दोघांचंही 25, पण आजोबांनी शिकवलेलं वहीत उतरलं की नातवाला काट. दुकानदार तर दोन्ही करत नाही. सत्तावीसला तीन तीस, वीस पन्नास, वर दोन, असं म्हणत पैसे हातावर ठेवतो.

आमच्या पूर्वभागात यात आणखी एक गुंता आहे. तेलुगूत 27 ला इरवै एडु म्हणतात, म्हणजे आधी वीस, मग सात. कानडीतही इप्पत्तेळु, तसंच. मराठीत उलटं, सत्तावीस, सात आधी. घरी तेलुगू बोलणारं पोर 'सत्तावीस' ऐकून 72 लिहितं, आणि आम्ही म्हणायचो लक्ष नाही! 2019 मध्ये बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात 'वीस सात' आणलं, तेव्हा केवढी टर उडवली लोकांनी, विधानसभेपर्यंत गाजलं. विषय समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या, त्यांनी शांतपणे बाजू मांडली. सत्तावीस हा शब्द जावा असं मलाही वाटत नाही. पण आमच्या गल्लीत त्या 'वीस सात'ला कुणी हसलं नसतं.

कुणी लगेच म्हणेल, बाई पाढ्यांच्या विरोधात गेल्या. अजिबात नाही. पाढे पाठच हवेत. मला पावकी, निमकी, अडीचकी अजून येते आणि भाजी घेताना कामाला येते. शिवाय 378 गुणिले 46 ला कट्ट्यांची युक्ती पुरत नाही, तिथं उभी मांडणीच हवी. माझं भांडण क्रमाशी आहे. आधी पोरानं स्वतःच्या रीतीनं उत्तर काढावं, आपण ते कान देऊन ऐकावं, आणि मग मांडणी शिकवावी.

असो. त्या संध्याकाळी आम्ही वही परत घेतली. 25 म्हणजे 20 नि 5. चौदा पंचे?

"सत्तर."

"आणि चौदा वेळा वीस?"

"दोनशे ऐंशी." मग स्वतःच वहीकडं बघत बसली. "बाई, म्हणजे हे अठ्ठावीस दहा-दहाचे आहेत? मग फुलीच्या जागी शून्य आहे की!"

मी म्हटलं, शून्यच आहे, फुली नुसती जागा धरून बसलीय. पोरगी खूश. त्याच रीतीनं आणखी चार गणितं केली, प्रत्येकात फुलीऐवजी ठसठशीत शून्य काढलं आणि अंधार पडल्यावर घरी गेली.

काल वही दाखवायला आली. चारही उत्तरं बरोबर. चारही शून्यांना लाल गोल, आणि खाली शेरा: "येथे फुली मारावी."