शब्दातलं वारं: एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

'प्रेरणा' या शब्दावरच्या माझ्या लेखावर तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. व्युत्पत्ती चुकली. इंग्रजी 'इन्स्पिरेशन'मधला श्वास आपल्या शब्दात ओढूनताणून आणला. आणि तिसरा, ज्यावर तुमचा खरा राग दिसतो: तुकोबांच्या कवित्वाशेजारी गल्लीतल्या बाईच्या अंगात येण्याची गोष्ट बसवली. 'हा संतांचा अपमान आहे आणि अंधश्रद्धेला खतपाणी', हे तुमचे शब्द. तीस-पस्तीस वर्षं बीडच्या पोरांना व्याकरण शिकवलेल्या माणसाला 'धन्यवाद सर, मत पोचलं' म्हणून वाटेला लावणं बरं दिसत नाही, म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

पहिली चूक माझीच. धाकटी बहीण नर्सिंगला आहे. तिच्या वहीत श्वास आत घेण्याला 'इन्स्पिरेशन' लिहिलेलं होतं. साध्या एका श्वासात मोठ्या माणसाच्या छातीत 500 मिलिलिटरच्या आसपास हवा जाते, अशी खाली नोंद. लॅटिनमधल्या 'स्पिरारे'चा अर्थ श्वास घेणं, हे मला माहीत होतं. त्या भरात 'आपल्याही प्रेरणेत प्राण आहे' असं ठोकून दिलं. प्राण नाही त्यात. तुम्ही म्हणता तसं प्र अधिक ईर्, आणि ईर् म्हणजे हलवणं, चालतं करणं. बैल जागचा हलत नाही तेव्हा गडी शेपटी पिरगाळतो, ती प्रेरणा.

पण सर, तुमच्याच धातूनं पुढं गंमत केली. याच ईर् ला 'सम्' लावला की होतो समीर. म्हणजे वारा! मी वारं चुकीच्या दारातून घरात घेत होतो, तुम्ही बरोबर दार दाखवलंत. श्वासाचा मुद्दा मागं घेतो, वाऱ्याचा घेत नाही.

स्फूर्तीबद्दल फारसा वाद नाही. स्फुर् म्हणजे थरथरणं, फुरफुरणं. डोळा लवतो, दंड स्फुरतो, तसंच ओळ स्फुरते. प्रेरणा बाहेरून ढकलते आणि स्फूर्ती आतून उसळते, हा तुमचा फरक मला पटला. लेखात मी दोन्ही शब्द एकाच पोत्यात भरले होते.

आता तिसरा.

आमच्या अंबाजोगाईत, आम्ही राहायचो त्या गल्लीत एक मावशी होत्या, तुळजाभवानीच्या आराधीण. गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी. नवरात्रात संबळ घुमायला लागला की आधी त्यांचा डावा खांदा उडायचा. नुसता खांदा, बाकी अंग स्थिर. मग श्वास मोठा व्हायचा, मान फिरायची, आणि आजी हळूच म्हणायची, "वारं आलं." देव आला, देवी आली असंही म्हणतात, पण आजीच्या तोंडी वारंच. सगळं शांत झालं की मावशी तांब्याभर पाणी घटाघटा पिऊन विचारायच्या, "काय म्हनले गं म्या?"

आजीला लॅटिन कुठून येणार? पण बाहेरचं काहीतरी वाऱ्यासारखं आत शिरतं आणि माणसाच्या तोंडून बोलतं, हे सांगायला रोमन माणसानं जी प्रतिमा वापरली तीच तिनं वापरली. माझ्या लेखाचा जीव एवढाच होता.

आता तुकोबा. 'आपुलिया बळें नाहीं मी बोलत । सखा भगवंत वाचा त्याची', आणि त्याच अभंगात पुढं 'काय म्यां पामरें बोलावीं उत्तरें । परि त्या विश्वंभरें बोलविलें'. सर, यातलं 'बोलविलें' हे प्रयोजक क्रियापद तुम्ही वर्गात कितीदा फळ्यावर सोडवून दाखवलं असेल! बोलणारा एक, बोलवणारा दुसरा. मावशींचं "काय म्हनले गं म्या" आणि तुकोबांचं 'काय म्यां पामरें' यांची उंची एक आहे, असं मी म्हटलेलं नाही. व्याकरण एक आहे, असं म्हणतोय.

फरकही आहे, आणि तो तुकोबांनीच सांगून ठेवलाय. 'नामदेवें केलें स्वप्नामाजी जागें । सवें पांडुरंगें येऊनियां'. आपल्या हिंगोलीकडच्या नरसीचे नामदेव 1350 साली गेले. पुढं जवळजवळ तीनशे वर्षांनी ते देहूच्या माणसाच्या स्वप्नात येतात, आणि आशीर्वाद वगैरे न देता काम सांगतात: 'करावें कवित्व'. शतकोटी अभंगांतले जे उरलेत ते तू पुरे कर. विठ्ठल तर 'थापटोनि' सावध करतो, झोपलेल्या पोराला शाळेसाठी उठवावं तसं. इथं वारं नाही की थरथर नाही, नेमून दिलेलं मापाचं काम आहे. तुकोबांना आपण काय बोललो ते आठवतं आणि ते त्याचा जाबही देतात. मावशींना आठवत नाही. माझ्या मते खरी रेघ इथं ओढायला हवी. तुम्ही ती संस्कृत शब्द आणि बाईचं तोंड यांच्यामध्ये ओढलीत, ते मला खटकलं. जरा स्पष्ट लिहितोय, राग नसावा.

अंधश्रद्धेचं म्हणाल तर तुमच्या बाजूला मीही उभा आहे. अंगात आल्याचं भासवून कुणी लोकांना भीती घालत असेल, तर त्यासाठी 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, आणि तो वापरावा. मावशींनी मात्र कधी कुणाचं नाव घेतलं नाही की अंगारा देऊन दवाखाना बंद केला नाही. शब्दाचा अर्थ सांगितला म्हणून त्या गोष्टीची भलामण होत नाही.

राहता राहिलं तुम्ही शेवटी लिहिलेलं वाक्य, 'प्रेरणा हा शब्द पवित्र आहे, जपून वापरा'. सर, बसस्टँडसमोरचे फ्लेक्स बघा. वाढदिवस एकाचा, आणि वर कोपऱ्यात पासपोर्ट फोटोएवढ्या गोलात तीन-चार पुढारी, खाली 'आमचे प्रेरणास्थान'. तिकीट वाटप झालं की गोलातली तोंडं बदलतात. तो शब्द मावशींनी नाही विटाळला.

'प्राण'वाली ओळ मूळ लेखातून काढली आहे आणि तिथं दुरुस्ती तुमची म्हणून लिहिलं आहे. एक विचारायचं राहिलं: आमच्याकडं वारं 'येतं' म्हणतात, काही जण 'खेळतं' म्हणतात. तुमच्या बीडच्या बाजूला काय म्हणतात? घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर विचारून कळवा.