टक्केवारी ठीक आहे, पण माईकसमोर कोण बसलंय?

मुंबई-पुण्याच्या एफएमवर मराठी गाणी नावापुरती वाजतात, मग सक्ती करायची की नाही, हा वाद आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर अधूनमधून पेटतोच. पार्ट्या ठरलेल्या आहेत. एक म्हणते कायदा करा, निम्मी गाणी मराठी पाहिजेतच. दुसरी म्हणते मार्केटला ठरवू दे, अमेरिकेत कुठे असते सक्ती? आणि मग मला टॅग करतात, तू टेक्सासला असतेस ना, तूच सांग. आता डलासला राहिल्याने मी काही रेडिओतली तज्ज्ञ होत नाही, पण गाडीत बसलं की रेडिओ लावायची खोड आहे आणि इथून अडीच-तीन तासांवर कार्थेज म्हणून गाव आहे तिथे हायवेच्या कडेला जिम रीव्हज या अमेरिकन गायकाची कबर आहे, म्हणून त्याच्यावरूनच सांगते.

जिम रीव्हज म्हटलं की आपल्याकडे वांद्रे, वसई, गोव्याची मंडळी लगेच खुलतात. नाताळात त्याचा तो मऊ आवाज घराघरातून ऐकू यायचा, अजूनही येतो. पण हा माणूस आधी रेडिओवरचा निवेदक होता हे कुणाच्या गावीही नसतं. १९२३ चा जन्म, कार्थेजजवळच्याच एका खेड्यातला. बेसबॉल खेळायचा, पिचर होता, कार्डिनल्स या मोठ्या बेसबॉल क्लबच्या खालच्या टीमपर्यंत पोचला, मग पायाच्या नसेला इजा झाली आणि खेळ संपला. मग हेंडरसन नावाच्या छोट्या गावातल्या केजीआरआय स्टेशनवर नोकरी. बातम्या वाच, जाहिराती वाच, रेकॉर्ड लाव, मध्येच गिटार घेऊन स्वतः एखादं गाणं म्हण. पुढे पैसा आल्यावर हेच स्टेशन त्याने पार्टनरशिपमध्ये विकत घेतलं, मला तर त्याच्या सगळ्या हिट गाण्यांपेक्षा ही गोष्ट जास्त आवडते.

तिथून तो लुईझियानात श्रीवपोर्टच्या केडब्ल्यूकेएचवर गेला. त्यांचा शनिवार रात्रीचा 'लुईझियाना हेराइड' हा लाईव्ह कार्यक्रम फेमस होता, जिम तिथे अनाउन्सर. एका शनिवारी ठरलेला गायक आलाच नाही, म्हणून याला पुढे ढकललं आणि हा गायला, असं सांगतात. १९५३ मध्ये पहिलं नंबर वन गाणं, १९५५ मध्ये नॅशव्हिलच्या ग्रँड ओल ऑप्री या रेडिओवरच्या नावाजलेल्या कंट्री गाण्यांच्या कार्यक्रमात. पण खरी गंमत १९५७ ची आहे. तोपर्यंत तोसुद्धा चांगला खणखणीत आवाज लावूनच गायचा. 'फोर वॉल्स' या गाण्याच्या वेळी तो माईकला ओठ टेकतील इतका जवळ गेला, आवाज खाली आणला, आणि शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तसा गायला. गाणं चाललं ते चाललंच, त्याच वर्षी एबीसी नेटवर्कवर त्याचा स्वतःचा रोजचा शोही सुरू झाला. माझं आपलं मत असं की हे त्याला सुचलं कारण वर्षानुवर्षं त्याने माईकसमोर बसून, समोर कुणी दिसत नसताना, एकेकट्या माणसाशी बोलायची प्रॅक्टिस केली होती. १९६४ मध्ये स्वतःचं छोटं विमान चालवत येताना नॅशव्हिलजवळ वादळात सापडून गेला, चाळिशीतच. १९६६ मध्ये, जाऊन दोन वर्षं झाल्यावर, ब्रिटनमध्ये त्याचं गाणं नंबर वन होतं.

तर मार्केटवाल्यांनो, हे सगळं सक्तीशिवाय झालं, बरोबर. ऑप्रीवालं डब्ल्यूएसएम स्टेशन तर एका इन्शुरन्स कंपनीने १९२५ मध्ये काढलेलं, म्हणजे शुद्ध धंदा. पण पुढचंही ऐका. इथे एका कंपनीने देशभरात किती स्टेशनं ठेवायची याला मर्यादा होती, १९९६ पर्यंत ती ४० होती. त्या वर्षी कायदा बदलला, देशपातळीवरची मर्यादाच काढली, आणि काही वर्षांत क्लिअर चॅनल या एकट्या कंपनीकडे १२०० च्या वर स्टेशनं आली. मग प्रत्येक गावात माणूस कशाला ठेवायचा? एकाच जागी बसून एकजण चार गावांसाठी बोलणं रेकॉर्ड करून ठेवतो, याला व्हॉइस ट्रॅकिंग म्हणतात. बाहेर गारा पडत असतात, वायपर थकलेले असतात, आणि रेडिओवरचा दादा 'काय मस्त संध्याकाळ आहे' म्हणत असतो. आज एखादा जिम रीव्हज हेंडरसनला नोकरी मागायला गेला तर ती खुर्चीच असेल का, शंका आहे.

सक्तीवाल्यांनी पण लगेच टाळ्या वाजवू नका. कॅनडात १९७१ पासून सक्ती आहे, तेव्हा ३० टक्के, नंतर ३५. त्यातून त्यांची म्युझिक इंडस्ट्री उभी राहिली हे खरंच, पण स्टेशनं काय करायची तर कॅनडाची गाणी रात्री-अपरात्री ढकलून कोटा भरायची, लोक त्याला 'बीव्हर अवर' म्हणून हसायचे, बीव्हर हा कॅनडाचा राष्ट्रीय प्राणी. फ्रान्समध्ये ४० टक्के फ्रेंच गाण्यांचा नियम, तिथे स्टेशनं तीच दहा गाणी घासायला लागली, शेवटी २०१६ मध्ये त्यावरही नियम करावा लागला. आपल्याकडे निम्मी मराठी केली तर काय होईल सांगू? तीच दहा-बारा सिनेमाची गाणी दिवसभर, आणि मध्ये बोलणारा 'सो गाईज' म्हणणारा.

आणि वरून हुकूम सोडून काय होतं हे आपल्याला बाहेरून शिकायची गरजच नाही. केसकर, आपले पुण्याचेच, १९५२ मध्ये नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी हद्दपार झाली. लोक शास्त्रीय ऐकायला बसले का? छे, सुई फिरवून श्रीलंकेचं रेडिओ सिलोन लावलं. पण त्याच केसकरांच्या काळात, १९५५ मध्ये, पुणे केंद्रावर गीतरामायण सुरू झालं. सीताकांत लाड केंद्रात होते, गदिमा त्यांचे मित्र, बाबूजी चाली देणार, दर आठवड्याला नवं गाणं, वर्षभर, एकूण ५६. हे कुठल्या कोट्याने झालं? केंद्रात बसलेल्या माणसाला गावातला कवी माहीत होता आणि तो त्याच्या मागे लागू शकत होता, म्हणून झालं. २०२३ मध्ये त्याच पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्त विभाग हलवायला निघाले तेव्हा लोकांनी ओरडा केला आणि ते थांबलं, ते मला टक्केवारीच्या भांडणापेक्षा जास्त कामाचं वाटलं.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने २३४ नव्या शहरांत ७३० एफएम चॅनलच्या लिलावाला मंजुरी दिली, मातृभाषेतला स्थानिक कार्यक्रम वाढावा म्हणून. ही छोटी शहरं आहेत, हेंडरसनसारखी. पण खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायला बंदी, आकाशवाणीच्या तेवढ्या लावायच्या, त्यामुळे पाणी-विजेच्या सरकारी सूचना सांगता येतील, पण गावातल्या पाणीप्रश्नाची स्वतः बातमी करता येणार नाही, उरतात मुख्यतः गाणी आणि गप्पा. त्या तरी तिथल्याच पोराच्या असाव्यात ना? मालकाचं गणित सोपं आहे, मुंबईचा तयार शो फुकटात पडतो आणि गावातला गाता-बोलता पोरगा ठेवला की दर महिन्याला पगार. नुसतं 'मराठी हवं' म्हटलं तर तो मुंबईतच मराठी रेकॉर्ड करून पाठवून देईल. म्हणून मागायचंच असेल तर लायसन्समध्ये लिहून मागा, की रोज इतके तास त्याच गावच्या स्टुडिओतून, लाईव्ह, आणि त्यात आठवड्याला एक तास तरी तिथलेच गाणारे.