कासची सहल: फुलांइतकाच वेळ गवळी धनगरांच्या घराला द्या

साताऱ्याजवळच्या कास या फुलांच्या पठारावर मुलांची सहल नेण्याबद्दलच्या एका लेखात, म्हशी पाळणाऱ्या गवळी धनगरांच्या वाडीला अर्धा तास पुरेल असं म्हटलंय. तो फार कमी आहे. वाडीवर सकाळी आधी जा, कारण ताक गारव्यातच घुसळतात. ऊन चढलं की लोणी पातळ होतं, नीट गोळा येत नाही, मग थोडं थंड पाणी घालावं लागतं. दूध रोज खाली नेणं अवघड, म्हणून पूर्वीपासून लोणी-तूप करून विकायचं, हेही मुलांना तिथंच समजतं.

कारवी या डोंगरी झुडपाच्या काठ्यांची कुडाची भिंत मुलांना हात लावून पाहू द्या. वाळलेल्या काठ्या उभ्या बांधून दोन्ही बाजूंनी माती, शेण आणि भाताच्या तुसाचं लिंपण करतात. जाड थर एकदम दिला तर वाळताना तडकतो. पातळ दोन थर द्यायचे, पहिला सुकल्यावर दुसरा.

पठारावर मात्र दहा-दहाचे गट करा आणि पायवाट सोडू देऊ नका. जांभ्या खडकावरची माती जेमतेम काही बोटं जाडीची असते. दवबिंदू, सीतेची आसवं ही किडे खाणारी छोटी रोपं तिच्यातच उगवतात, आणि माती दबली की पुढच्या वर्षीचं बीही रुजत नाही. पावसाळी जळवांसाठी पुरचुंडीत मीठ ठेवा. घरात शिरण्याआधी मात्र घरच्या बाईंना विचाराच!