रामबागची मेट्रोवाली भिंत आज पुसली

सकाळी भाजी आणायला निघाले तर आमच्या नागपूरच्या रामबागमधली ती चित्रवाली भिंत पांढरीफट्ट. चुना मारून मोकळे झाले, आणि दुपारी परत पाहते तर तिच्यावर कोचिंग क्लासची जाहिरात, नीट, जेईई, टक्के, फोन नंबर. विचारलं तर म्हणे मालकानी भिंत भाड्यानी दिली. भिंत त्याची, भाडं त्याला पाहिजे, ठीक आहे. पण माझं डोकं सणकलं ते अजून शांत व्हायला तयार नाही.

ज्यांनी पाह्यलं नाही त्यांच्यासाठी सांगते. चित्रकला महाविद्यालयातल्या एका पोरानी बस्तीतल्या लेकरांच्या हातात ब्रश देऊन तिथे मेट्रो चालवणारी बाई काढली होती. आमच्या गल्लीतली एक पोरगी, तेव्हा नववीत होती, शाळेतून येताना तिथेच उभी राहायची. एकदा तिनी विचारलंच, "दादा, हे खरंच बाई चालवते का?" तो म्हणाला, "मंग! वर्धा रोडवर चालवून राहिल्या ना बाया, अजनी चौकात जाऊन पाह्य." आणि ती गेली हो! स्टेशनवर जाऊन पाहून आली आणि थेट माझ्या दारात, "काकू, याच्यासाठी काय शिकावं लागते?"

हा प्रश्न. याच्यासाठीच भिंत पाहिजे होती.

2019 पासून मेट्रो तिच्या डोक्यावरून जाऊन राहिली, पण ती चालवायला माणूस लागतो आणि तो माणूस आपण असू शकतो हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. दहावीनंतर पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा असतो हे तिच्या घरात कोणालाच माहीत नव्हतं. बस्तीतल्या पोरांना विचारा काय बनायचं, पोलीस नाहीतर आर्मी. वाईट नाही, अजिबात नाही, पण दुसरं काही पाह्यलंच नाही तर सांगतील काय? आपला उमेश यादव, वलनीच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा पोरगा, तोही आधी पोलीस भरतीच्याच मागे होता. नंतर विदर्भाकडून पहिला टेस्ट खेळला तो.

आणि आपल्या शहराच्या भिंतींवर काय असते? वाघ, संत्री, झिरो माइल. 2023 ला सी-20 च्या, म्हणजे जी-20 मधल्या सामाजिक संस्थांच्या बैठकीच्या वेळी किती भिंती रंगल्या आठवते ना, सुंदर होत्या, मलाही आवडल्या. पण त्या पाहुण्यांसाठी होत्या. बस्तीसमोरच्या भिंतीवर फार तर एक अंतराळवीर आणि गळ्यात स्टेथोस्कोप घातलेली गोरी बाई, खाली 'मोठी स्वप्ने पहा'. कोणती स्वप्नं, कुठून जायचं, फॉर्म कुठे भरायचा, ते लिहा ना बाप्पा! विमानतळाजवळच्या मिहान प्रकल्पात विमानं दुरुस्त होतात हे इमामवाड्यातल्या किती पोरांना माहीत आहे? बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स असलं की विमान मेंटेनन्सच्या कोर्सला जाता येते, हे एवढं भिंतीवर लिहायला किती रंग लागतो?

दिव्या देशमुख काढा, 2025 ला बुद्धिबळाचा महिला वर्ल्ड कप जिंकून ग्रँडमास्टर झाली, ओजस देवतळे काढा, 2023 चा तिरंदाजीतला वर्ल्ड चॅम्पियन, आपलीच पोरं आहेत, अभिमानच आहे. पण दिव्याचे आईबाबा डॉक्टर, आमच्या गल्लीतल्या पोरीला ते दुसरं जग वाटते. तिला तिच्यासारख्या घरातून निघालेली बाई दिसली पाहिजे, रोज कामाला जाणारी.

चित्रानी फी भरल्या जात नाही, माहीत आहे मला. भिंतीवर लोक खर्रा थुंकतात, तेही खरं. पण या भिंतीवर कोणी थुंकलं नाही. लेकरांनी रंगवली होती, त्यांच्या आया उभ्या राहायच्या.

तर त्या पोरीचं. यंदा दहावी झाली तिची, पॉलिटेक्निकचा फॉर्म भरला, इलेक्ट्रिकल पहिल्या पसंतीला टाकलं. आई धुणीभांडी करते, म्हणे कागदपत्रांसाठी दोन दिवस सुट्टी घेतली, पैसे कापले तरी चालतील. हे टाइप करता करताच राग उतरला बघा माझा.

संध्याकाळी तीच आली सांगायला, काकू भिंत पुसली. रडकी झाली होती, तिच्याहून जास्त तिचा लहान भाऊ, कारण रूळ त्यानी रंगवले होते.

आता कामाचं. रामबाग, इमामवाडा, अजनी या भागात कोणाची रस्त्याला लागून कंपाउंड वॉल असेल तर मेसेज करा. रंगाचे पैसे मी देते, थोडे तुम्हीही द्या. तो चित्रकलेचा पोरगा तयार आहे. आणि तुमच्या ओळखीत बस्तीतून निघून लॅब टेक्निशियन, लोको पायलट, नर्स, वेल्डर, काहीही झालेलं कोणी असेल तर त्यांना विचारून सांगा, चेहरा भिंतीवर काढला तर चालेल का, आणि दहावीनंतर नेमकं काय काय केलं ते लिहून घ्या. यावेळी मालकाकडून पाच वर्षांचं लिहून घेणार आहे मी.