खुर्ची एक, मुख्याध्यापक दोन, फरक कुणी द्यायचा?

काल कोल्हापूरच्या बिंदू चौकात एक ओळखीच्या शिक्षिका बाई भेटल्या. ज्येष्ठता यादीत त्या पहिल्या, पण शाळा चालवणाऱ्या संस्थेनं मुख्याध्यापक केलं दुसऱ्याच सरांना. आता दोघंही त्या पदावर दावा सांगतायत. पगार बिलावर सही कुणाची, यात शाळांचे पगार काढणाऱ्या सरकारी वेतन पथकाकडं बिल अडकलंय. शिपाईमामांपासून सगळ्यांचे पगार दोन महिने थांबलेत.

ऐकताना मला आमचे आण्णाच दिसत होते.

2008 साली त्यांच्या शाळेत हेच झालं. यादीत आण्णा पहिले, ऑर्डर मिळाली चौथ्या नंबरच्या सरांना. आण्णांनी तीस दिवसांच्या आत शाळा न्यायाधिकरणात अपील केलं. पदोन्नतीत डावललेल्या शिक्षकाला तो हक्क 1977 च्या खासगी शाळा कर्मचारी कायद्याच्या कलम 9 नं दिलाय. तिथं जिंकले, तर संस्था हायकोर्टात गेली. मग रात्री महालक्ष्मी एक्सप्रेस, सकाळी मुंबई, तारीख पडली की परत. 58 पूर्ण झाल्यावर आण्णा सहशिक्षक म्हणूनच निवृत्त झाले. नंतर आदेश आला: मुख्याध्यापकपदाची मानीव तारीख मंजूर, म्हणजे कागदावर त्या तारखेपासून पद मिळालं असं धरायचं, पण प्रत्यक्ष काम केलेलं नसल्यामुळं दोन पदांच्या पगारातला फरक देय नाही.

हे मला आजही पटत नाही. आण्णा रोज शाळेत हजर होते, त्यांना त्या खुर्चीवर बसू दिलं नव्हतं. कर्मचारी काम करायला तयार आहे, त्याचा दोष नाही आणि तरी त्याला दूर ठेवलंय, तर 'काम नाही, पगार नाही' हा नियम लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 1991 मध्येच जानकीरामन प्रकरणात सांगितलंय.

एका खुर्चीचे दोन पगार सरकारनं का द्यायचे, असं लोक विचारतात. रास्त आहे. पण म्हणून चौथ्या नंबरच्या सरांकडून वसुली करायची? त्यांनी इतकी वर्षं दाखल्यांवर सह्या केल्या, दहावीचे फॉर्म पाठवले, शाळा चालवली. गोकाराजू रंगराजू खटल्यात (1981) न्यायाधीशांच्या नेमणुकीतच दोष असल्याचा मुद्दा होता, तरी त्यांनी दिलेले निकाल वैध ठरले. पदावर बसून केलेलं काम खोटं ठरत नाही, मग त्याचा पगार तरी का काढून घ्यायचा?

पैसे चुकीची ऑर्डर काढणाऱ्या संस्थेनंच द्यायला हवेत. तशी वाट कलम 11 मध्ये आहे. थकबाकी संस्थेच्या अनुदानातून कापून थेट कर्मचाऱ्याला द्यावी, अशी शिफारस न्यायाधिकरण सरकारला करू शकतं. आमच्या वेळी हे कुणी सांगितलं नाही, म्हणून बाईंना मी हेच सांगितलं: फरकाची मागणी आणि ही शिफारस पहिल्याच अर्जात लिहा. ऑगस्ट 2025 पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच आहे, निदान मुंबईच्या खेपा तरी वाचतील.

निकालाआधी एका संध्याकाळी ते चौथ्या नंबरचे सर आमच्या घरी आले होते. चहा तसाच ठेवून म्हणाले, "सर, माझ्याकडनं वसुली लागणार काय ओ?" मुलीचं लग्न ठरलं होतं त्यांच्या. दुसऱ्या दिवशी आण्णांनी वकिलांकडं जाऊन अर्जातली त्यांच्याविरुद्धची मागणी काढून टाकायला लावली. संस्थेविरुद्धची मात्र शेवटपर्यंत सोडली नाही.